पोटभाडेकरू

त्या सकाळी पासवर्ड चालेना. दोनदा टाकला. कॅप्स लॉक बघितलं. तिसऱ्यांदा एकेक अक्षर पुटपुटत टाकला, तेव्हा पडद्यावर एक साधीशी ओळ उमटली: असं खातं सापडत नाही. पासवर्ड चुकलाय, असं ती म्हणत नव्हती. खातंच नाही, म्हणत होती. आणि आदल्या रात्री साडेअकरापर्यंत मी त्याच खात्यात बसून काम करत होते.

मी संपादन आणि मुद्रितशोधन करते. त्या दिवसांत माझ्याकडे एका बाईंच्या आठवणींचं हस्तलिखित होतं. बाई सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका, आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी लिहीत होत्या. मजकूर मी ऑनलाइन ठेवला होता. मी समासात टीप टाकायची आणि बाईंनी नातीच्या टॅबवरून तिथेच उत्तर द्यायचं. तीन आठवड्यांत त्या समासात आमचं एक वेगळंच बोलणं सुरू झालं होतं. ‘वाईच थांब, आलेच,’ असं एक वाक्य होतं. मी सवयीने ‘वाईच’ खोडून ‘जरा’ केलं होतं. दुसऱ्या दिवशी समासात बाईंचं उत्तर: “वाईच हा माझ्या आईचा शब्द आहे. राहू दे. तिचं बाकी काहीच उरलेलं नाही.” मी ‘वाईच’ परत जागेवर ठेवला, आणि पुढच्या पानांवर माझी कात्री जपून चालायला लागली.

हे सगळं त्या खात्यात होतं. मूळ मजकुराची ईमेलने आलेली जुनी प्रत माझ्याकडे होती. पण ब्राउझरमध्येच बसून केलेली तीन आठवड्यांची दुरुस्ती आणि तो समास, दोन्ही गेलं होतं.

खातं मी सात महिन्यांपूर्वी विकत घेतलं होतं. लिहायचं, हिशेब ठेवायचं, फाइल साठवायचं असं सगळं एकत्र असलेलं पॅकेज. कंपनी त्याचे दर वर्षाला पैसे घेते. ऑनलाइन बाजारात एक विक्रेता तेच ‘आजीवन’ देत होता, आणि तेही कंपनीच्या एका वर्षाच्या दराच्या दहाव्या हिश्शात. हजारभर अभिप्राय, बहुतेक पाच तारे. मी ते अभिप्राय वाचले होते, नीट वाचले होते. ‘पाच मिनिटांत मिळालं.’ ‘लगेच चालू झालं.’ ‘विक्रेता तत्पर आहे.’ आज तेच शब्द आठवले की कळतं, त्यातला जवळजवळ प्रत्येक अभिप्राय खरेदीच्या पहिल्या तासाभरात लिहिलेला होता. खातं चालू झालं की बाजारपेठ विचारते, कसं वाटलं? माणूस खूश असतो, तारे देऊन मोकळा होतो. सात महिन्यांनी खातं बंद पडतं तेव्हा अभिप्रायाची मुदत संपलेली असते, आणि कित्येकदा ती जाहिरातही जागेवर नसते. तेच दुकान दुसऱ्या नावाने उघडलेलं असतं. आजीवन चालणाऱ्या गोष्टीचा दाखला आपण तासभर वापरलेल्या लोकांकडून घेत असतो, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

खुणा होत्या. वापरकर्त्याचं नाव विक्रेत्याने ठरवून दिलं होतं, आणि त्यात @ च्या पुढे कुठल्याशा शिक्षणसंस्थेचं नाव होतं. त्या संस्थेशी माझा काही संबंध नव्हता. ती कुठल्या देशातली, हेही मला ठाऊक नव्हतं. खात्यात शिरलं की कोपऱ्यात माझ्या नावाच्या जागी एक आकडा दिसायचा. सूचनांचा एक कागद आला होता, पीडीएफ. त्यात पाचव्या ओळीवर लिहिलं होतं: महत्त्वाच्या फाइल या खात्यात ठेवू नयेत. ती ओळ मी वाचली ती सगळं गेल्यावर.

मी विक्रेत्याला लिहिलं. वीस मिनिटांत उत्तर आलं, नम्र होतं. “काळजी करू नका, बदली खातं देतो, वॉरंटीत आहे.” आणि दिलंही. नवं नाव, नवा पासवर्ड, @ च्या पुढे दुसरीच संस्था. उघडून पाहिलं, रिकामं. मी लिहिलं, मला खातं नको, माझ्या फाइल हव्यात. तो म्हणाला, “फाइलची वॉरंटी नसते.” त्याच्या हिशेबाने त्याने शब्द पाळला होता. त्याने विकली होती प्रवेशाची सोय, आणि ती त्याने पुन्हा करून दिली होती. माझी अडचण त्याच्या व्यवहारात कुठे बसतच नव्हती.

मग मूळ कंपनीच्या मदत-कक्षाकडे गेले. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्या संस्थेचे प्रशासक कोण?” मी म्हटलं, संस्था माझी नाही. तो म्हणाला, “मग या खात्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. खातं संस्थेचं आहे. संस्थेच्या प्रशासकाशी बोला.” त्याचं बरोबर होतं. त्याच्या वहीत माझं नाव कधी नव्हतंच.

पोटभाडेकरू हा शब्द मला त्या फोननंतर सुचला, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मालक एकाला जागा भाड्याने देतो, आणि तो मालकाला न सांगता आत तिसऱ्याला ठेवून घेतो. तिसरा पैसे देतो, वेळेवर देतो, त्याच्याकडे किल्लीही असते. पण करारावर त्याचं नाव नाही. मालकाला कळलं तर बाहेर, भाडेकरूने जागा सोडली तरी बाहेर. आणि बाहेर काढताना त्याला नोटीस द्यायला कुणी बांधील नसतं, कारण कागदोपत्री तो तिथे राहतच नव्हता. सामान मात्र त्याचं खरंखुरं असतं.

संस्थेच्या नावावरच्या खात्यांची रचना समजून घेतली की ही तुलना किती शब्दशः खरी आहे ते दिसतं. मायक्रोसॉफ्ट ३६५सारख्या सेवेत शाळा किंवा कंपनी एक मोठं आवार घेते आणि तिचा प्रशासक आत हवी तशी खाती उघडतो. नोकरीच्या ठिकाणी हे योग्यच आहे, कारण काम संस्थेचं असतं आणि माणूस सोडून गेला तर त्याच्या फाइल संस्थेला मिळायला हव्यात. म्हणून प्रशासकाला अधिकार दिलेले असतात. तो कुणाचाही पासवर्ड बदलू शकतो, कुणाच्याही साठवणीत शिरण्याची परवानगी स्वतःला देऊ शकतो. खातं काढून टाकलं तर साधारण ३० दिवस ते परत आणता येतं, पण आणू शकतो तो प्रशासकच. आता हीच रचना अशा माणसाच्या हाती असल्याची कल्पना करा, ज्याने ते आवार खोट्या कागदांवर मिळवलंय किंवा एखाद्या खऱ्या संस्थेच्या प्रशासकाचा पासवर्ड चोरून आत खाती उघडलीत. त्या आवारात शेकडो अनोळखी लोक राहतायत. कुणी हिशेब ठेवतंय, कुणी प्रबंध लिहितंय, कुणी पासपोर्टचं स्कॅन ठेवलंय. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला आहे.

माझ्या खात्याचं नेमकं काय झालं, याचा पत्ता मला लागला नाही. संस्थेच्या लक्षात आलं असेल किंवा कंपनीच्या. लक्षात आलं तर त्यांनी ती खाती पुसणंच योग्य होतं. त्या संस्थेच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

बाईंना सांगणं भाग होतं. दोन दिवस मी शब्द जुळवत राहिले, मग फोन केला. काम पुन्हा करून देते, जादा एक पैसा घेणार नाही, म्हटलं. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या चिडतील, अशी तयारी मी केली होती. त्यांनी विचारलं, “म्हणजे माझं लिखाण आता कुणाकडे आहे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुसलं गेलं असेल, असं म्हणता आलं असतं. पण मला ते खरंच माहीत नव्हतं. त्या लिखाणात बाईंच्या आईच्या शेवटच्या वर्षाबद्दल एक प्रकरण होतं. त्यांनी ते सख्ख्या भावालाही दाखवलं नव्हतं. मला दाखवलं होतं.

त्या प्रश्नानंतर मी या बाजाराबद्दल मिळेल ते वाचायला लागले. स्वस्त सॉफ्टवेअरची ‘स्वस्ताई’ येते कुठून, हे मला जाणून घ्यायचं होतं. कारण सॉफ्टवेअरला गोदाम नसतं, नासाडी नसते, जुना माल खपवायची घाई नसते. मग दहाव्या हिश्शात विकणाऱ्याला ते पडतं केवढ्याला?

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण ती नाकारली तर अन्याय होईल. स्वस्त म्हणजे चोरीचं, असं सरसकट नाही. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात असा निर्णय दिला की कायमस्वरूपी परवान्याने विकलेलं सॉफ्टवेअर पहिल्या ग्राहकाला पुढे विकता येतं, ते डाउनलोड करून घेतलेलं असलं तरी. पण अट अशी, की विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत निकामी केली पाहिजे. आणि पंचवीस जणांसाठी एकत्र घेतलेला परवाना फोडून त्यातल्या उरलेल्या जागा सुट्या विकता येणार नाहीत. मला हा निर्णय फार न्याय्य वाटतो. पुस्तक वाचून झालं की विकावं तसंच हे. पण त्यातला एक शब्द महत्त्वाचा आहे: कायमस्वरूपी. वर्गणीत हस्तांतर करायला काही वस्तूच नसते. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढच्या नव्या आवृत्त्या खोक्यात मिळणार नाहीत, वर्गणीनेच मिळतील. त्याआधी आपण सॉफ्टवेअर आणायचो. नंतर आपण कंपनीशी दरमहा चालू राहणारं एक नातं घेऊ लागलो. ते कुणाच्या नावावर आहे, एवढाच त्यात प्रश्न उरतो.

या बाजारातली सगळी खाती एका वाटेने येत नाहीत. काही संस्थांच्या घाऊक परवान्यातून गळतात. मोठ्या संस्थांसाठी विंडोज सक्रिय करायची एक पद्धत अशी आहे की संगणक संस्थेच्या सर्व्हरला भेटून हजेरी लावतो आणि ती हजेरी १८० दिवस टिकते. तेवढ्या काळात पुन्हा भेट झाली नाही तर सक्रियता जाते. म्हणून काही स्वस्त परवाने सहा महिने छान चालतात आणि मग अचानक विरघळतात. विकणाऱ्याला ही मुदत पहिल्यापासून माहीत असते.

काही परवाने आतून येतात. अमेरिकेत अव्हाया या टेलिफोन यंत्रणेच्या कंपनीत ग्राहकसेवेत असलेल्या एका माणसाने प्रशासकाचे अधिकार वापरून हजारो लायसन्स की, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करणारे कोड, स्वतःच तयार केल्या, नोकरी सोडून गेलेल्यांच्या खात्यांतूनही केल्या, आणि त्या स्वस्तात बाहेर विकल्या. किरकोळ दराने त्यांची किंमत ८ कोटी ८० लाख डॉलरच्या वर भरली. २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणापाशी मी बराच वेळ थांबले होते. कारण त्या की बनावट नव्हत्या. त्याच यंत्राने, त्याच कारखान्यात छापलेल्या होत्या. ज्यांनी विकत घेतल्या त्यांनी पडताळून पाहिलं असतं तरी ‘ओरिजिनल’ असंच दिसलं असतं. जाहिरातीत ‘शंभर टक्के ओरिजिनल’ लिहिलेलं असतं ते अनेकदा या अर्थाने खरं असतं. की खरी, तिचा मार्ग खोटा.

आणि काही येतात चोरलेल्या क्रेडिट कार्डांमधून. चोर त्या कार्डावर गेम किंवा सॉफ्टवेअर घेतो, त्याची की लगेच पुढे विकून पैसे मोकळे करतो. महिन्याभराने कार्डाचा खरा मालक बँकेकडे तक्रार करतो, बँक विक्री उलटवते, आणि बनवणाऱ्याच्या हातून पैसेही जातात, वर दंडाचा आकारही बसतो. फॅक्टोरिओ हा गेम बनवणाऱ्या वूब सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने अशी तक्रार लावून धरली. चौकशीत जीटूए या बाजारपेठेवर त्यांच्या १९८ चोरीच्या की विकल्या गेल्याचं निघालं आणि २०२० मध्ये जीटूएला ३९,६०० डॉलर भरून द्यावे लागले. १९८ हा आकडा छोटा वाटेल. पण प्रत्येक कीमागे कार्ड चोरीला गेलेला एक माणूस आहे, आणि त्याच कीच्या दुसऱ्या टोकाला, आपल्याला चांगला सौदा मिळाला म्हणून समाधानाने झोपलेला एक माणूस आहे. त्या दुसऱ्या टोकाला मी होते.

कौटुंबिक योजनेतली एक जागा विकत घेणं हा त्यातला सौम्य प्रकार. मायक्रोसॉफ्टच्या कौटुंबिक योजनेत सहा जणांना जागा असते आणि प्रत्येकाची साठवण वेगळी, एक टीबीची. तिथे खातं तरी तुमचंच असतं, दुसऱ्याला तुमच्या फाइल दिसत नाहीत. पण योजनेचा मालक कधीही तुम्हाला काढू शकतो, आणि मग तुमचा तो भरलेला टीबी ५ जीबीच्या फुकट डब्यात कसा मावणार, हे तुमचं तुम्ही बघायचं. परदेशातल्या स्वस्त दराने, व्हीपीएनने आपण तिथलेच असल्याचं भासवून घेतलेली वर्गणी अशीच टांगती. २०२४ च्या जूनमध्ये यूट्यूबने खोटा देश दाखवून घेतलेली प्रीमियम सदस्यत्वं रद्द करायला सुरुवात केली, तेव्हा कित्येकांना हे कळलं.

पण मला सगळ्यात भीती वाटते ती सामायिक खात्यांची. त्यातलं खासगी बोलणं दुसऱ्याच्या हाती पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा भाचा व्हिडिओ संपादन शिकतो. माझा हा प्रकार झाल्यावर मी त्याला विचारलं, तुझं काय काय असं घेतलेलं आहे? त्याने मोकळेपणाने दाखवलं. त्यात एका एआय चॅटचं महागडं खातं होतं, वीसेक जणांत मिळून. “मावशी, सगळे हेच करतात. एकट्याला कुणाला परवडतं?” त्याने खातं उघडलं. डाव्या बाजूला जुन्या संभाषणांची यादी होती, शीर्षकांसह. मी ती वाचू नये हे मला कळत होतं, पण डोळे गेलेच. राजीनाम्याचं पत्र. आईच्या बायॉप्सीचा अहवाल समजावून सांग. घटस्फोटानंतर मुलांचा ताबा. मुलाखतीत दोन वर्षांची पोकळी कशी सांगू.

“यातलं तुझं कुठलं?” मी विचारलं.

त्याने काही न बोलता शेवटच्या शीर्षकावर बोट ठेवलं. दोन वर्षं तो कुठल्या दिव्यातून गेला ते आम्हा घरच्यांनाही त्याने पुरतं सांगितलेलं नव्हतं. एकोणीस अनोळखी लोकांना मात्र ते उघडून वाचता येत होतं. त्याने ते संभाषण तिथल्या तिथे पुसलं. मग यादीकडे बघत म्हणाला, “ती बायॉप्सीवाली मुलगी असेल की मुलगा?” आणि खिडकी बंद केली.

अशी काही खाती मुळात कुठून येतात, तेही त्याला मी दाखवलं. ग्रुप-आयबी या सुरक्षा कंपनीने २०२३ च्या जूनमध्ये सांगितलं होतं की आधीच्या वर्षभरात चोरट्या प्रोग्रॅमची लागण झालेली १,०१,१३४ अशी उपकरणं त्यांना काळ्या बाजारातल्या नोंदींत सापडली, ज्यांच्यावर चॅटजीपीटीचे पासवर्ड जपून ठेवलेले होते. या प्रोग्रॅमना इन्फोस्टीलर म्हणतात. ते संगणक बंद पाडत नाहीत, पडद्यावर कवटी दाखवत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी, म्हणजे साइटने तुम्हाला ओळखण्यासाठी ठेवलेल्या खुणा, उचलतात आणि गुपचूप निघून जातात. कुकी हातात आली की कित्येकदा पासवर्डचीही गरज राहत नाही, ओटीपीचीही नाही, कारण साइटच्या लेखी तुम्ही आधीच आत बसलेले असता. २०२५ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने लुमा नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमचं जाळं तोडलं, तेव्हा दोन महिन्यांत ३,९४,००० विंडोज संगणकांना त्याची लागण झालेली आढळली होती.

आणि हे प्रोग्रॅम संगणकात शिरतात त्या दारांपैकी एक दार म्हणजे फुकट किंवा स्वस्त सॉफ्टवेअरच. २०२१ च्या डिसेंबरमध्ये रेड कॅनरी या कंपनीने दाखवून दिलं होतं की विंडोज आणि ऑफिस फुकट सक्रिय करून देणाऱ्या केएमएसपिको या साधनाच्या नावाखाली क्रिप्टबॉट हा चोर वाटला जातोय. अशा साधनांसोबत आधी एक सूचना येते: अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो. विक्रेताही स्क्रीनशॉट लावून, बाण काढून हेच सांगतो. घराची कडी आपण आपल्या हाताने काढतो, आणि कडी काढायला सांगणाऱ्यालाच आत घेतो. आज माझ्या संगणकातून उचललेला पासवर्ड उद्या कुणाच्या तरी ‘स्वस्त खात्या’चा माल होतो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये डिस्ने प्लस सुरू झालं आणि काही तासांतच लोकांची खाती काळ्या बाजारात विकायला आली. कंपनीचं म्हणणं होतं की आमची यंत्रणा फोडल्याचा पुरावा नाही. दुसरीकडून फुटलेले, लोकांनी पुन्हा पुन्हा तेच वापरलेले पासवर्ड लावून पाहिले की असं होतं. आपण गिऱ्हाईक आहोत असं समजून त्या बाजारात जातो, आणि जाता जाता त्याला माल पुरवून येतो.

भाच्याचं एक वाक्य मात्र मी टाळणार नाही: एकट्याला कुणाला परवडतं? प्रश्न रास्त आहे. एकेका कामासाठी एकेक वर्गणी, महिन्याला कापले जाणारे पैसे, वर्षाच्या करारातून मध्येच बाहेर पडायचं तर वर आकार. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अडोबीवर दावा लावला तो याच मुद्द्यावर, की मुदतीआधी बाहेर पडण्याचा आकार ग्राहकांना नीट दाखवला जात नाही आणि वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड केलेलं आहे. ज्यांनी हत्यारं भाड्यानेच द्यायची ठरवली, त्यांच्यामुळे नवशिक्या कारागिराची किती कोंडी होते, हे मी स्वतः भोगलं आहे. मी ते खातं घेतलं तेव्हा माझ्याकडे महिनाभर काम नव्हतं. मी लोभापायी घेतलं, असं मला वाटत नाही. काम सुरू राहावं म्हणून घेतलं. त्या बाजारातली बहुतेक गिऱ्हाइकं अशीच असतील: विद्यार्थी, एकेकटे काम करणारे, ज्यांच्यामागे कुठली संस्था नाही. म्हणून तर संस्थेच्या नावाचं खातं त्यांना विकता येतं.

भाच्यासाठी आम्ही दोघांनी एक दुपार बसून यादी केली. व्हिडिओसाठी डाव्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, त्रिमितीसाठी ब्लेंडर, चित्रांसाठी क्रिटा, रेखाटनासाठी इंकस्केप. विद्यार्थी असल्याची सवलत कंपन्या खरोखर देतात, ती त्याच्या स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर मिळाली. एकच वर्गणी अशी निघाली की जिला पर्याय नव्हता. ती तो आता काम असेल त्या महिन्यापुरती घेतो. मी स्वतः लिबरऑफिसवर आले. पहिले चार दिवस बटणं सापडेनात, हात चुकीच्या कोपऱ्यात जायचा. पाचव्या दिवशी समासातली टीप कशी टाकायची ते सापडलं आणि मी कामाला लागले.

बाईंच्या हस्तलिखितावर मी पुन्हा पहिल्या पानापासून बसले. मला वाटलं होतं, बहुतेक दुरुस्त्या आठवतील. थोड्याच आठवल्या. तिसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद वर नेला होता, एवढं आठवत होतं, का नेला ते नाही. बाईंच्या उत्तरांपैकी ठामपणे आठवत होतं ते एकच. त्या पानावर आले, ‘वाईच थांब, आलेच’ दिसलं, आणि मी काहीही न खोडता पुढे गेले. आठवड्याने बाईंनी ते पान पाहिलं आणि फोन केला. “इथे तू काही विचारलं नाहीस.” मी म्हटलं, “तुम्ही आधी सांगितलं होतं बाई, आईचा शब्द आहे.” त्या म्हणाल्या, “हो का? मी लिहिलं होतं का तसं?” त्यांना आठवत नव्हतं.

आईच्या शेवटच्या वर्षाचं प्रकरण त्यांनी या वेळी पाठवलं नव्हतं. माझ्या जुन्या प्रतीतही ते नव्हतं, ते त्यांनी नंतर त्या खात्यातच थेट लिहिलं होतं. मी मागितलं नाही. मागायचा अधिकार मला उरलाय असं वाटत नव्हतं.

सगळं काम संपत आलं तेव्हा एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “आता तू हे कुठे ठेवतेस?” मी सांगितलं. माझ्याच संगणकावर, माझ्या नावाने घेतलेल्या खात्यात एक प्रत, आणि दर शुक्रवारी एका वेगळ्या हार्डडिस्कवर आणखी एक, ती कपाटात असते. खात्याचे पैसे मीच भरते, पावती माझ्या नावाची आहे. त्यांनी हार्डडिस्क केवढी असते ते विचारलं. तळहाताएवढी, म्हटलं.

“कपाटाला कुलूप असतं का?”

“असतं.”

दोन दिवसांनी पाकीट आलं, पोस्टाने. आत बारा पानं होती. ते प्रकरण त्यांनी पुन्हा लिहिलं होतं, या वेळी हाताने.